तळघरातले ढग

३ मार्च

सिम्युलेटर आला. चार खोकी, एक खुर्ची आणि सरकारी मान्यतेचं पत्र. मी आधी पत्र उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की या यंत्रावर केलेला सराव वैमानिकाला आपल्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, मांडता येईल. म्हणजे हे खेळणं नाही. हे मी बायकोला, कॉर्लिसला, दोनदा सांगितलं, कारण खोकी घेऊन आलेल्या माणसाला ती म्हणाली, "ह्याचं खेळणं खाली तळघरात ठेवा."

नियम साधा आहे. ढगात बाहेरचं काही दिसत नाही. तिथे नुसत्या डायलवरच्या काट्यांकडे बघून विमान चालवायचं असेल तर मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच केलेले असावे लागतात. अप्रोच म्हणजे ढगातून धावपट्टीपर्यंत उतरत यायची आखून दिलेली वाट. तो खऱ्या ढगातच केलेला असावा, असं नियमात कुठेही नाही. मी बत्तीस वर्षं एल्कवुड हायस्कूलचा उपमुख्याध्यापक होतो. नियमात काय आहे आणि काय नाही हे मला कुणी शिकवायला नको.

"मग ते खरं विमान कशाला ठेवलंयस?" कॉर्लिसने विचारलं.

"चांगल्या हवेत उडवायला."

"आणि हे?"

"वाईट हवेत उडवायची पात्रता चालू राहावी म्हणून."

"म्हणजे वाईट हवेत तू उडणार नाहीस, पण उडू शकतोस असा कागद हवा."

तिला यातलं काही कळत नाही, असं मी सांगितलं. ती भांडी घासायला गेली.

९ मार्च

एका दुपारी सहाही अप्रोच उरकले. पहिल्यात विमान तळ्यात गेलं. दुसऱ्यात धान्याच्या कोठारावर. यंत्राला 'पुन्हा पहिल्यापासून' असं बटण आहे, ते फार सोयीचं. चौथा अगदी रंगात आलेला असताना, जमिनीपासून चारशे फुटांवर, कॉर्लिसने जेवायला हाक मारली. 'थांबा'चं बटण दाबलं, वर जाऊन भट्टीतली ट्यूना माशाची हॉटडिश खाल्ली, परत येऊन उतरलो. लँडिंग मऊ झालं.

लॉगबुकात लिहिलं: अप्रोच ६, घिरट्या १. पात्रता सप्टेंबरअखेरपर्यंत चालू. मागे हिच्यासाठी वाऱ्या-पावसात घाम गाळणारे लोक आठवून कीव आली.

१५ मार्च

जमिनीवरून रेडिओवर सूचना देणाऱ्या कंट्रोलरचा आवाज नसेल तर सरावाला अर्थ नाही, म्हणून कॉर्लिसला त्या कामाला लावलं. शेरीफच्या कचेरीत आपत्कालीन फोनवर तिने सव्वीस वर्षं काढली आहेत. जिन्याच्या वरच्या पायरीवर विणकाम घेऊन बसते आणि मी लिहून दिलेल्या सूचना वाचते. आवाज असा की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप सरळ होते.

पण शिस्त नाही. आज मला वीस मिनिटं एकाच जागी घिरट्या घालायला लावल्या. का, तर तिचा केक भट्टीत होता. मग मी तिसऱ्या अप्रोचवर असताना जिना उतरून खाली आली आणि मागच्या संगणकावरून माझा एक डायल बंद पाडला. न सांगता! विमान सरळ चाललंय असं मी धरून चाललो होतो. पुन्हा धान्याचं कोठार.

"हे नियमाला धरून नाही," मी म्हणालो.

"डायल बंद पडायच्या आधी कळवतो का?"

"तू कागदावर लिहिलेलं तेवढं वाच."

"ऑरिन, डायल गेल्यावर तुझा आवाज बदलला. तळघरात, खुर्चीवर बसून, पायात सपाता घालून."

घसा बसला होता, असं मी तिला सांगितलं.

२० एप्रिल

छान ऊन होतं, म्हणून खरं विमान बाहेर काढलं. तीन वेळा चढलो, तीन वेळा उतरलो. विमानतळाच्या ऑफिसात डॅग्नी वॉलस्ट्रॉम कॉफी पीत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. अजून शिकवतात. मलाही त्यांनीच शिकवलं. मी लॉगबुक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं.

"शेवटचा ढगात कधी गेला होतास?"

"काल."

"तळघर सोडून."

"पाच वर्षं झाली असतील."

"हंऽ. फार्गोहून येतानाच्या त्या दिवसानंतर नाहीच गेलास की काय?"

फार्गोहून येताना ढगात मला थोडं अस्वस्थ वाटलं होतं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

"बुधवारी मस्त खालचे ढग येतायत," डॅग्नीबाई म्हणाल्या. "वारा नाही, बर्फ नाही. ये, तासभर आत फिरून येऊ."

बुधवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, असं मी सांगितलं. खोटं बोलल्यासारखं व्हायला नको म्हणून घरी आल्या आल्या डॉक्टरची बुधवारची वेळ घेतली.

२३ एप्रिल

दात उत्तम आहेत.

११ जून

मागच्या आठवड्यात एक मोठं काम केलं. आजारी माणसांना आपल्या विमानाने शहरातल्या इस्पितळात फुकट पोचवणाऱ्या वैमानिकांची एक संस्था आहे, तिच्यात नाव दिलं. अर्जात प्रश्न होता: ढगात उडण्याची पात्रता चालू आहे का? मी 'होय'वर खूण केली. त्यांनी लॉगबुकाची प्रत मागितली, ती दिली. चार दिवसांत स्वीकृती.

गावच्या साप्ताहिकाने विमानाशेजारी उभं करून फोटो काढला. छायाचित्रकार म्हणाला, जरा वर, ढगांकडे बघा. ढग नव्हते, तरी बघितलं.

पहिली रुग्ण गावचीच निघाली, व्हर्निस आहो. वय एकाहत्तर. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवायची. आता रक्ताचा काहीतरी आजार. दर तीन आठवड्यांनी मिनियापोलिसला उपचार. रस्त्याने पाच तास जायला, पाच यायला, आणि औषधांनी डोळे अधू झाल्यामुळे स्वतः चालवता येत नाही. विमानाने पावणेदोन तास.

बर्फाच्या दिवसांत पहाटे मी तिला फोन करून विचारायचो, बस काढतेस ना? ती म्हणायची, नाही. मी म्हणायचो, हवामान खात्याचा तसा इशारा नाहीये. ती म्हणायची, मग हवामान खात्याला बस चालवायला पाठव. असे एकंदर सतरा प्रसंग. सगळे माझ्या जुन्या वहीत नोंदलेले आहेत.

आता माझ्या शेजारच्या सीटवर बसणार. मी मोठ्या मनाने जुनं सगळं विसरलो आहे.

१९ ऑगस्ट

तिसरी फेरी. तिन्ही वेळा आकाश निरभ्र. व्हर्निस थर्मास आणि वेलदोड्याचा पाव घेऊन येते, पट्टा आवळते आणि खाली दिसणाऱ्या रस्त्यांवर टीका करते. "तो बघ फाटा. तिथे दर जानेवारीला कुणीतरी खड्ड्यात जायचंच." परत येताना पांढरीफटक असते, डोळे मिटून पडते. उतरल्यावर मात्र दर वेळी माझा हात दोन्ही हातांत धरते.

रविवारी चर्चच्या जेवणानंतर 'ढग आणि शिस्त' या विषयावर माझं भाषण झालं. पस्तीस माणसं होती. ढगात शरीर खोटं सांगतं, कान खोटं सांगतात, डायलवरच विश्वास ठेवावा लागतो, हे मी छान समजावलं. एकाने विचारलं, भीती वाटत नाही? मी म्हटलं, प्रशिक्षित मनाला नाही.

कॉर्लिस मागे कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. तिचे हात कपांनी भरलेले होते.

८ सप्टेंबर

उद्याची चौथी फेरी. इथे ढग सातशे फुटांवर, शहरात पाचशेवर. बर्फ नाही, वादळ नाही. तळघरात दोन अप्रोच केले, दोन्ही सुरेख.

"डॅग्नीला फोन केलास?" कॉर्लिसने विचारलं.

"कशाला? पात्रता चालू आहे."

"मी चालवत नेते व्हर्निसला. पहाटे निघू."

"दहा तास गाडीत? त्या अवस्थेत? तिचे हाल कोण बघणार? आणि संस्थेला काय सांगू, वैमानिक पात्र आहे पण येत नाही?"

"हो. अगदी तसंच सांग."

माणसांना नियम समजावून सांगण्यात आयुष्य गेलं. घरात मात्र एक पान पुढे सरकलं नाही.

९ सप्टेंबर

सकाळी साडेसातला उड्डाण. हवामानाचा विचार करून मिनियापोलिसऐवजी सेंट क्लाउडला उतरण्याचा विवेकी निर्णय घेतला. रुग्ण सुरक्षित. पुढे मोटारीने इस्पितळात. उपचार चार तास उशिरा, पण झाले. कॉर्लिसने मोटारीची सोय केली. विमान तिथेच ठेवलं आहे.

११ सप्टेंबर

परवाची नोंद पुन्हा वाचली. त्यात खोटं एकही वाक्य नाही. असे अहवाल मी बत्तीस वर्षं लिहिले. आता झालं ते लिहितो.

चढल्यावर मिनिटभरात सगळं पांढरं झालं. तळघरातला ढग पडद्यावर असतो आणि खोलीत दिवा चालू असतो. हा ढग काचेला चिकटला होता, आणि विमान हलत होतं. खुर्ची कधी हलली नव्हती. कंट्रोलरने उजवीकडे वळायला सांगितलं. वळलो, सरळ झालो. निदान मला तसं वाटलं. मान, पोट, पाठ सगळे सांगत होते की आपण सरळ आहोत. डायल सांगत होता की आपण डावीकडे कलंडतोय आणि खाली जातोय. त्यावर मी भाषण दिलेलं आहे. माझा डायलवर विश्वास बसेना. वाटलं, कॉर्लिसने बंद पाडला.

"ऑरिन," व्हर्निस हळूच म्हणाली, "आपण वळतोय का?"

कंट्रोलरने विचारलं, तुमची दिशा तपासा, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, उजवीकडे वळतोय. आणि माझा डावा हात आपोआप बाजूला गेला. तळघरात तिथे 'थांबा'चं बटण आहे. इथे खिडकीची काच होती. थंड. मी ती दाबली. दोनदा.

मग ऑटोपायलटची आठवण झाली. तळघरात मी तो कधी वापरत नाही. कमअस्सल लोकांसाठी असतो असं माझं मत होतं. बटण दाबलं. विमानाने स्वतःला सावरलं, जसं काही मी तिथे नव्हतोच. चार हजार फुटांवर लख्ख उन्हात बाहेर आलो. व्हर्निस म्हणाली, "अगंबाई, किती सुंदर!" माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

आता खाली पुन्हा तोच ढग, आणि शहरात तो पाचशे फुटांपर्यंत. मी कंट्रोलरला विचारलं, जमीन कुठे दिसतेय? तो म्हणाला, सेंट क्लाउडला. त्या नावाच्या गावावर एकही ढग नव्हता. उतरलो. तिथल्या ऑफिसात वैमानिकांना द्यायची एक जुनी गाडी होती. त्यांनी किल्ली पुढे केली. ती मला धरता येईना, जमिनीवर पडली. व्हर्निसने वाकून उचलली आणि परत टेबलावर ठेवली. "नको," ती त्या माणसाला म्हणाली, "आम्ही बसतो जरा."

नऊला कॉर्लिसला फोन केला. म्हटलं, आम्ही सेंट क्लाउडला आहोत, निघालीस तर चार तासांत पोचशील.

"अडीच," ती म्हणाली.

"कसं काय?"

"मी रस्त्यावरच आहे. सात एकेचाळीसला निघाले."

सात एकेचाळीसला मी ढगात होतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा जुना रेडिओ असतो. आमच्या विमानतळावरून उडणाऱ्यांचं बोलणं त्यावर ऐकू येतं. कंट्रोलर ऐकू येत नाही, फक्त वैमानिक. तिने फक्त मला ऐकलं होतं.

साडेअकराला आली. आधी व्हर्निसला शाल पांघरली, तिला मागच्या सीटवर आडवं केलं. मग मी म्हटलं, "मी तर म्हणालो होतो की सगळं ठीक आहे."

"हो. लोक तसंच म्हणायचे," कॉर्लिस म्हणाली. "गाडी तळ्यात गेलीये, पाणी सीटपर्यंत आलंय, पण तसं सगळं ठीक आहे. सव्वीस वर्षं तो आवाज ऐकलाय मी."

"पण आम्ही कुठे उतरणार हे मलाच माहीत नव्हतं. तू कुठे निघाली होतीस?"

"दक्षिणेला," ती म्हणाली. "तू दक्षिणेला गेला होतास."

मिनियापोलिसपर्यंत तिने गाडी चालवली. मी शेजारी बसलो. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर

डॅग्नीबाई आणि त्यांचा एक विद्यार्थी जाऊन विमान घेऊन आले. डॅग्नीबाईंनी किल्ली दिली, आणि फक्त म्हणाल्या, "इंधन कमी होतं, भरून आणलंय."

२२ सप्टेंबर

संस्थेकडून मानपत्र आलं. 'या उन्हाळ्यातला विवेकी वैमानिक.' नऊ सप्टेंबरला रुग्णाच्या सुरक्षेसाठी मार्ग बदलल्याबद्दल. सोबत एक टोपी.

मी फोन करून नाव मागे घेतलं. तिकडच्या बाई गडबडल्या.

"पण सर, तुमची सगळी कागदपत्रं चोख आहेत."

"आहेत खरी."

"सिम्युलेटरवर आणखी सहा अप्रोच केलेत तर तुम्ही पुढचे सहा महिने पात्र राहाल."

"राहीन."

"मग अडचण काय आहे?"

"मला येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, नाव मागे घेण्याच्या कारणांत हा पर्याय नाहीये, 'वैयक्तिक' लिहू का?

टोपी कॉर्लिसने बागकामाला घेतली.

२९ सप्टेंबर

डॅग्नीबाईंकडे गेलो. म्हटलं, माझी परीक्षा घ्या.

"तुला गरज नाही, तू पात्र आहेस," त्या म्हणाल्या. त्या हे बोलताना जराही हसल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

"फार्गोहून येताना काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही."

"नाही सांगितलंस. पण विमान परत आणलंस तेव्हा सीटवर ओकारी होती आणि ती तूच धुतलीस. तुझ्यासारखा माणूस स्वतः सीट धुतो म्हणजे काहीतरी झालंच असणार."

बाराशे फुटांवर ढग होते. आत गेलो. पहिला अप्रोच सोडून द्यावा लागला. दुसऱ्याला त्यांनी एकदा सुकाणूच्या चाकाला बोट लावलं. तिसऱ्याला मला ओकारीची पिशवी लागली. त्या शेजारी बसून सफरचंद खात होत्या. ते खाणं मला अमानुष वाटलं.

खाली आल्यावर विचारलं, "सिम्युलेटर विकून टाकू?"

"विकायचं कशाला? चांगलं यंत्र आहे. बोटांना पाठांतर राहतं त्यानं. पोटाला राहत नाही. पोटाला इथे घेऊन ये. आणि तिकडे ते बटण दाबू नकोस. जेवण थंड झालं तर होऊ दे."

लॉगबुकात लिहिलं: अप्रोच ३. एक सोडला, एक मदतीने, एक आजारी अवस्थेत. शेवटच्या दोन गोष्टींसाठी रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिल्या.

६ ऑक्टोबर

कॉर्लिसने आज मागच्या संगणकावरून एकामागोमाग एक तीन डायल बंद पाडले आणि इंजिनही. मी तक्रार केली नाही. कोठारावर गेलो. ती म्हणाली, "पुन्हा."

२१ ऑक्टोबर

तीस सप्टेंबरपासून व्हर्निसला मी मोटारीने नेतो. मागची सीट पाडून गादी टाकली आहे, पण जाताना ती पुढेच बसते. पहाटे साडेचारला निघतो. आज तळ्यांच्या भागात धुकं लागलं. मी वेग कमी केला आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चाललो.

"थांबव," व्हर्निस म्हणाली.

"तो ट्रकवाला चाललाय की."

"तो कुठे चाललाय ते तुला माहीत आहे का? थांबव."

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो. आत चार टेबलं होती आणि काचेच्या कपाटात ॲपल पाय. ती भिंतीकडे बसली, मी खिडकीकडे. बाहेर पंपाचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. तासभर काही करायचं नव्हतं. शेवटी मी विचारून टाकलं. सहा आठवडे विचारायचं राहिलं होतं.

"त्या दिवशी वर तुला भीती वाटली?"

"नंतर वाटली. तेव्हा कुठे मला त्यातलं कळत होतं! ते गोल गोल काटे काय सांगतात, मला काय ठाऊक? मी तुझ्या तोंडाकडे बघत होते." तिने ॲपल पायचा तुकडा काट्याने मोडला, पण खाल्ला नाही. "मग मी मनात माझ्यामागे माझ्या कुत्र्याची सोय लावून टाकली. माझ्या बहिणीकडे. तिला कुत्री आवडत नाहीत, पण घेतलं असतं तिने."

म्हणालो, "आयुष्यभर तू मला बस काढणार नाही असं तोंडावर सांगितलंस. सतरा वेळा. त्या दिवशी का नाही सांगितलंस? ढग तर तुलाही दिसत होते."

"बस मला चालवता यायची, म्हणून नाही म्हणता यायचं," ती म्हणाली. "विमानातलं मला काय कळतं! मी तुला फोनवर विचारलं होतं, अशा हवेत जमेल का. तू म्हणालास, मी पात्र आहे."

"हो."

"मला वाटलं, म्हणजे तुला येतं."

ती सहज बोलली होती. टोमणा मारला नव्हता. मी उठलो आणि तिचा कप भरून आणायला गेलो. परत आलो तेव्हाही धुकं तसंच होतं. आम्ही बसून राहिलो.